अकरा दिवसांची हजेरी

भंडारा
९ ऑगस्ट २०२३

ती. टिकाराममामांना तृप्तीचा नमस्कार.

आईने फोनवर मामीला सांगितलं असेलच, पण फोनवरचं तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामी अर्धंच सांगते, म्हणून हे पत्र. मामा, मी पास झाले. पहिला वर्ग! रक्त-लघवी तपासायचा डिप्लोमा आता माझ्या नावावर आहे आणि सोमवारपासून इथल्याच एका लॅबमध्ये कामाला लागते आहे.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, कॉलेज कसं आहे, शिकवणारे कसे आहेत. तेव्हा उत्तर टाळलं. आता पास झाले, तर खरं सांगते. दोन वर्षांत मी कॉलेजात अकरा दिवस गेले. मोजून अकरा, आणि त्यातले सहा परीक्षेचे. प्रवेश घेताना तिथल्या बाबूनेच सांगितलं होतं, "रोज यायची गरज नाही मॅडम, हजेरीचं आम्ही पाहून घेऊ." मग कशाला जायचं? मी इकडे मेडिकलच्या दुकानात बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली गाइड उघडायची. मागच्या पाच वर्षांचे प्रश्न पाठ केले की पेपर निघतो. प्रॅक्टिकलची वही एका मैत्रिणीकडून आणली आणि दोन रविवारांत उतरवून काढली, आकृत्यांसकट. ज्या पोरी रोज बसचे धक्के खात जायच्या, त्यांतल्या दोघी नापास झाल्या. मी सगळ्यांत पुढे. आता बोला!

हे आईला सांगू नका. ती म्हणेल, "मग तुले शिकवलं कोणं?"

तुमच्या लेकीला, दामिनीला म्हणावं, बी.ए. सोडायची घाई केली. माझ्यासारखं कॉलेजात नाव ठेवून घरी बसली असती तरी पदवी मिळाली असती.

तुमची,
तृप्ती


आंबागड
२१ ऑगस्ट २०२३

चि. तृप्तीला टिकाराममामाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी मी वाचलं, मग तुझ्या मामीला, सुंदरबाईला वाचून दाखवलं, मग घडी करून पारावर नेलं. माझ्या बहिणीला, धुरपताला सांगितलेलं नाही. तू आईला सांगू नका म्हणालीस, गावाला सांगू नका असं कुठे लिहिलं होतं?

सगळे खूश झाले. माझा थोरला भाऊ भय्याजी, तो कोणाचं बरं बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. तोही माझ्या कानाशी येऊन ओरडला, "अकरा दिवसांत पयला नंबर! रोज गेली असती त डॉक्टरच झाली असती पोरगी." मी पेढे वाटले. मी स्वतः तुमसरच्या कॉलेजात नावापुरताच होतो. बाजाराच्या दिवशी गेलो तर गेलो, नाहीतर धानाच्या बांधीत. पहिलं वर्ष गाइडवर काढलं, दुसऱ्याला आपटलो. म्हणजे ही कला आपल्या घरातच आहे, फक्त तुझ्याकडे डोकं जास्त आलं.

धानाची रोवणी आटोपली. यंदा शेतावरची बोडी पाण्याने भरली आहे, तेव्हा धानाला मरण नाही. कान गेल्याला आता आठ वर्षं होतील. दामिनी म्हणते मोबाईलवर लिहीत जा, पण त्यावरची अक्षरं मला दिसत नाहीत. तू आपली कागदावर लिही. तुझं अक्षर मोठं आहे, आणि घरात पत्र आलं की मलाही कोणीतरी असल्यासारखं वाटतं.

दामिनीने उत्तर सांगितलं आहे, जसंच्या तसं लिहितो: "तुले कोणं सांगतलं मी घरी बसून राहिली? मी रोवणीले जाऊन राहिली."

टिकाराम


आंबागड
२ फेब्रुवारी २०२४

चि. तृप्तीला आशीर्वाद.

आता कामाचं लिहितो. बपेऱ्याचे लोक दामिनीला पाहून गेले. मुलाचं नाव प्रवीण. तलावाखाली धानाची शेती आहे, आणि तुमसरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. दिसायला साधा आहे, पण मला एका गोष्टीने तो आवडला. चहा यायच्या आधीच त्याने खिशातून पिवळं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा वाहक आहे. मला ऐकू येत नाही हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं, कारण त्याने कार्डाच्या मागे पेनाने लिहून आणलं होतं: "माझ्या बहिणीच्या मुलीला हा आजार आहे. तुमच्या मुलीचं रक्त तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका."

आजवर किती सोयरिकी पाहिल्या, पण कार्ड दडवणारेच जास्त पाहिले.

तुला हे शिकवायला नको, पण मी माझी समजूत लिहितो, चुकली तर सांग. मुलगा वाहक असला आणि मुलगी साफ असली, तर लेकरांना आजार होत नाही. दोघंही वाहक असले, तर दर बाळंतपणात चारात एक धोका. बरोबर? भय्याजीच्या धनंजयचं तू पाहिलंच आहेस. त्याच आजाराने एकोणिसाव्या वर्षी गेला. थंडीच्या दिवसांत त्याची हाडं दुखायची तेव्हा आम्ही दोघं भाऊ आळीपाळीने त्याचे पाय चेपत बसायचो. माझे कान तेव्हा शाबूत होते. त्यामुळे दोष आमच्या रक्तात आहे हे मला माहीत आहे, आणि दामिनीचं कार्ड नाही. शाळेत तपासणीवाले आले होते तेव्हा ती मोहफुलं वेचायला गेली होती.

तेव्हा सगळं दामिनीच्या रक्तावर आहे. साफ निघालं तर पुढे जाऊ, दोष निघाला तर बपेऱ्याला त्याच दिवशी नाही म्हणून कळवायचं, हे मी सुंदरबाईला सांगून ठेवलं आहे. सरकारी दवाखान्यात नेणार होतो, पण घरात पहिल्या वर्गाची तपासणारी असताना दुसऱ्याच्या दारात कशाला उभं राहायचं? तू येत्या रविवारी ये. मामी लाखोळीच्या डाळीचे वडे करणार आहे.

टिकाराम


भंडारा
१९ फेब्रुवारी २०२४

ती. मामांना नमस्कार.

सोबत दामिनीचा रिपोर्ट आहे. मामा, तोंड गोड करा. सिकलसेलची तपासणी निर्दोष आली आहे. तुमच्याकडून नमुना आणला तो मी दुसऱ्याच दिवशी स्वतः तपासला, कोणाच्या हातात दिला नाही. तुमची समजूत बरोबर आहे, आता लेकरांना काही भीती नाही. पेढ्यांचा डबा मला पाठवा.

एकच गोष्ट, तिच्या अंगात रक्त फार कमी आहे. बायांचं हिमोग्लोबिन बारा तरी हवं, हिचं ६.४ भरलं. गावच्या आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या घ्या आणि रोज खाल्ली की नाही ते मामीने बघावं. सुई टोचताना हाताला हात लावला तर केवढी गार होती. मला म्हणते, "लवकर काढ, मले म्हशी सोडाच्या आहेत."

मुलाचा फोटो दाखवला तिने मला. मी म्हटलं ठीक आहे, तर रागावली. मामा, तुम्ही उशीर करू नका.

तृप्ती


आंबागड
११ मार्च २०२४

चि. तृप्तीला अनेक आशीर्वाद.

साक्षगंध झालं. तुला रजा मिळाली नाही याचं सगळ्यांना वाईट वाटलं. लग्न २८ एप्रिलला धरलं आहे.

काय सांगू पोरी, या घरात दामिनीचं हसू मला दिसतं, ऐकू येत नाही. पण इतकं दिसायला लागलं आहे की ऐकू आल्यासारखंच वाटतं. सकाळी मोह वेचायला जाते, टोपली अर्धी भरते आणि झाडाखाली फोनवर बोलत बसते. सुंदरबाई ओरडते, "फुलं वेचून राहिली का गोष्टी वेचून राहिली?" प्रवीण तीनदा येऊन गेला. बोडीवरची मोटार दोन वर्षं बंद पडली होती, ती त्याने उघडून सुरू केली, आणि पैसे विचारले तर हात जोडले. माझ्याशी बोलायचं असलं की तो खिशातून छोटी वही काढून लिहितो. घाई नाही, चिडचिड नाही. सख्खे लोक माझ्याशी बोलायचं टाळतात, हा वही घेऊन येतो.

परवा त्याने लिहिलं, "तुमच्या भाचीचे आभार माना. कार्ड दाखवल्यावर आजवर चार घरांनी मला परत पाठवलं होतं." मी त्याला तुझा रिपोर्ट पुन्हा दाखवला. देव्हाऱ्यात ठेवला आहे.

टिकाराम


भंडारा
२७ मार्च २०२४

ती. मामांना नमस्कार.

सगळं वाचून आनंद झाला. लग्नाला मी आठ दिवस आधी येईन.

एक छोटंसं काम आहे. दामिनीचं रक्त एकदा तुमसरच्या सरकारी दवाखान्यात परत तपासून घ्याल का? विशेष काही नाही. लग्नाआधी सरकारी कार्ड असलेलं बरं, पुढे दवाखान्यात कामाला येतं. मी केलेली तपासणी पहिल्या पायरीची असते, तिच्यावर आणखी एक मोठी तपासणी असते, ती करून घेतलेली चांगली. फुकट होते. या आठवड्यात जमलं तर बघा.

गोळ्या खाते ना?

तृप्ती


आंबागड
२ एप्रिल २०२४

चि. तृप्तीला आशीर्वाद.

अगं, तू शंकासुराची मावशी कधीपासून झालीस? निर्दोष म्हणून तूच लिहून दिलंस, सही तुझी. हातच्या काकणाला आरसा कशाला? पत्रिका छापून आल्या आहेत, निम्म्या वाटूनही झाल्या. अशात मुलीला दवाखान्यात नेलं तर गाव काय म्हणेल ते सांग. बपेऱ्याला कळलं तर त्यांना वाटेल की आम्हीच काही लपवून राहिलो.

सुंदरबाईला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कामाचा ताण पडला असन पोरीले." मलाही तेच वाटतं. चांगलं काम करणाऱ्याला आपल्याच कामाची भीती वाटते. जी पोरगी अकरा दिवस जाऊन पहिला वर्ग काढते, तिच्या हातून एवढीशी तपासणी चुकते होय? सरकारी कार्ड लग्नानंतर काढू.

तू लवकर ये. मांडवाला हात लावायला माणसं कमी आहेत.

टिकाराम


भंडारा
६ एप्रिल २०२४

ती. मामा,

मागच्या पत्रात मी तुमच्याशी धड बोलले नाही. आता बोलते. हे पत्र एकटे बसून वाचा आणि वाचून झालं की दामिनीला द्या. मी तिला काल फोन लावला होता. ती बांगड्यांचं सांगत होती, हिरव्या घेऊ का लाल. मी म्हटलं, हिरव्या घे.

दामिनीचा रिपोर्ट मी चुकीचा दिला असण्याची फार शक्यता आहे.

कसं ते सांगते. या तपासणीत एका नळीत औषधाचं पाणी घेतात आणि त्यात ठरलेलं थोडंसं रक्त टाकतात. मग नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. पाण्यातून रेघा दिसल्या तर रक्त निर्दोष. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर दोष आहे. दामिनीच्या नळीतून मला रेघा दिसल्या. थोड्या पुसट होत्या, पण दिसल्या. एवढंच मला येत होतं, कारण गाइडमध्ये एवढंच होतं.

मार्चच्या शेवटी आमच्या लॅबमध्ये कामिनी मॅडम म्हणून वीस वर्षं काम केलेल्या बाई आल्या. त्या एका नव्या पोरीला शिकवत होत्या, मी बाजूला रजिस्टर लिहीत होते. त्या म्हणाल्या, "नळीत रक्त टाकायच्या आधी रक्ताचं प्रमाण पाहायचं. सातच्या खाली असलं की तेवढ्या रक्ताने पाणी गढूळ होतच नाही, दोष असला तरी रेघा दिसतात. अशा वेळी रक्त दुप्पट घ्यायचं. नाहीतर तुम्ही लोकांची घरं बुडवाल." ती नवी पोरगी सहज म्हणाली, "हो मॅडम, आम्हाला हे प्रॅक्टिकलच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं."

पहिल्याच महिन्यात. मामा, त्या महिन्यात मी मेडिकलच्या दुकानात बसले होते आणि स्वतःला हुशार समजत होते.

दामिनीचं रक्त ६.४ होतं. माझ्याच हाताने मी दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहिले, एकाखाली एक. ज्याला येतं त्याने तो कागद पाहिला असता तर लगेच फाडला असता. तो कागद तुमच्या देव्हाऱ्यात आहे.

२७ तारखेलाच हे लिहायला हवं होतं. लिहायला बसले तेव्हा तुम्ही वाटलेले पेढे डोळ्यांसमोर आले आणि "विशेष काही नाही" असं लिहून मोकळी झाले. मला कॉलेजात कोणी अडवलं नव्हतं. आईबाबांनी पाठवायला नकार दिला नव्हता. बाबूने सवलत दिली ती मी घेतली, कारण ती सोपी होती. पास होणं म्हणजेच येणं, असं मला खरोखर वाटत होतं.

लॅबच्या डॉक्टरांना आणि कामिनी मॅडमना मी सगळं सांगितलं. जुनी रजिस्टरं काढून सातच्या खालची नावं शोधली, सात निघाली. सगळ्यांना परत बोलावलं आहे. मला सध्या नळीला हात लावायची परवानगी नाही, मी फक्त कागद लिहिते.

दामिनीचं रक्त निर्दोषही निघू शकतं. मी रोज तेच मागते. पण तपासल्याशिवाय लग्न करू नका. गाव काय म्हणायचं ते माझ्या नावाने म्हणू दे. माझी हजेरी अकरा दिवसांची होती आणि त्यातल्या एकाही दिवशी मी रक्ताची नळी हातात धरली नव्हती, हे पारावर वाचून दाखवा.

तृप्ती


आंबागड
१७ एप्रिल २०२४

तृप्तीस,

तुझं पत्र नऊ तारखेला आलं. मी बांधीच्या धुऱ्यावर बसून वाचलं. तुझ्यापासून लपवत नाही, ते मी दोन दिवस कोणाला दाखवलं नाही. चुलीत घालावं असंही मनात आलं. लग्न होऊन जाईल, पुढचं पुढे, आणि काही झालंच तर दोष तुझ्या सहीवर जाईल. एवढं सगळं माझ्या मनात आलं. मग धनंजयचे पाय आठवले. घरी गेलो आणि पत्र दामिनीच्या हातात दिलं.

तिने उभ्यानेच वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडी नेसून दारात उभी राहिली, चला म्हणून खूण केली.

तुमसरला रक्त दुप्पट घेऊन तपासलं. दोष आहे. पुढची मोठी तपासणी भंडाऱ्याला झाली, काल तिचा कागद मिळाला. दामिनी वाहक आहे. तिच्या जिवाला काही धोका नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं, पण प्रवीणही वाहक आहे.

कागद घ्यायला आम्ही भंडाऱ्याला आलो होतो. तुझी लॅब स्टँडपासून जवळच आहे, पाटी दिसली. मी दामिनीकडे पाहिलं, ती पुढे चालत राहिली. म्हणून आलो नाही.

बपेऱ्याला मी स्वतः गेलो. प्रवीणच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. प्रवीणने वही काढली. मग लिहिलं, "दामिनी काय म्हणते?" मी म्हटलं, अजून काही नाही.

तुझ्यावर राग आहे. तो काही इतक्यात जाणार नाही. पण रागाचे दोन भाग केले तर एक माझ्या वाट्याला येतो. मुलगी शाळा चुकवून मास्तरीण झाली असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. तू दोन वर्षं न शिकता पास झालीस, तर मी पेढे वाटले. "मग तुले शिकवलं कोणं" हा प्रश्न माझ्या बहिणीला पडला असता आणि मला पडला नाही. पारावर मी तुझं पत्र वाचून दाखवलं. भय्याजी उठून घरी गेला.

लग्नाचं काय ते दामिनी ठरवेल. मी तिला एवढंच सांगितलं, तू म्हणशील ते.

टिकाराम


आंबागड
१४ मे २०२४

तृप्ती,

बाबांनी तुला निरोप दिला असेल की लग्न मोडलं. ते कसं मोडलं हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

कोणी मोडलं नाही. मी मोडलं. प्रवीण शेवटपर्यंत तयार होता. तो म्हणाला, "नागपूरले पोटात असतानाच तपासता येते. आपण दर खेपेले तपासू." मी म्हटलं, आणि निघाला आजार तर? तो म्हणाला, तेव्हाचं तेव्हा पाहू. माझा त्याच्यावर विश्वास होता, पण ते तेव्हाचं माझ्या पोटात असणार होतं.

मग मी त्याच्या बहिणीकडे गेले, शुभांगीताईकडे. तिच्या गुड्डीला मला पाहायचं होतं. सहा वर्षांची आहे, आजार असलेल्यांच्या लाल कार्डवाली. गुड्डी त्या दिवशी बरी होती. माझ्या मांडीवर बसून तिने मला सगळ्या नर्सांची नावं सांगितली, कोण हळू टोचते आणि कोण नाही ते सांगितलं. संध्याकाळी तिचं दुखणं सुरू झालं. ताईने गरम पाण्याची पिशवी आणली, गोळी दिली, आणि दोघी भिंतीला टेकून बसल्या. गुड्डी रडत नव्हती. तिला सवय झाली होती, आणि तेच मला बघवलं नाही. तृप्ती, अशी पोर नको असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. मला तर ती तिथून उचलून आणावीशी वाटत होती. आणि तिचं ते दुखणं पाहून हवी असंही म्हणवत नाही. हे दर खेपेला मला ठरवता येणार नाही, एकदाही येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी प्रवीणला बोडीवर बोलावलं आणि सांगितलं. तो मोटारीच्या खोलीत जाऊन बसला. बाहेर आला तेव्हा त्याने मला फक्त एवढं विचारलं, "गोळ्या खाऊन राहिली ना?"

साक्षगंधाची साडी आईने परत नेऊन दिली. परवा कळलं, त्याला साकोलीकडचं एक स्थळ आलं आहे. मुलगी साफ आहे, दोनदा तपासली. मी देवाला म्हटलं, बरं झालं. मग घरामागे जाऊन खूप रडले.

सगळे मला म्हणतात की तृप्तीने खरं सांगितलं म्हणून तू वाचलीस. आई म्हणते, बाबा म्हणतात, आशाताईसुद्धा म्हणते. मी मान हलवते. पण मी फेब्रुवारीपासूनचा हिशोब मनात लावते आणि तो मला सुटत नाही. तुला ती नळी वाचता आली असती, तर बाबांनी त्याच दिवशी बपेऱ्याला नाही कळवलं असतं. मी एकदा पाहिलेला मुलगा विसरून गेले असते. मोहाच्या झाडाखाली बसून मी कोणाशी बोलले नसते. त्याला माझ्या बाबांसाठी वही घ्यावी लागली नसती. तू न शिकलेल्या त्या एका तासामुळे तो मला मिळाला, आणि तू खरं सांगितलंस म्हणून तो गेला. ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले होते, आणि ते चुकीचे होते. त्यांचं मी काय करू, हे मला कोणी सांगत नाही. तुलाही माहीत नसणार.

कामिनी मॅडम तुला शिकवतात असं धुरपताआत्याने सांगितलं. रोज जातेस म्हणे, रविवारीही. जा.

मला अजून तुझं तोंड पाहायचं नाही, म्हणून तू येऊ नकोस. पण पत्र लिही. नळीतलं काय काय कळलं ते सगळं लिही, मला समजलं नाही तरी चालेल.

दामिनी